आमची वाटचाल : पाऊण मीटरचा फरक

आर्वी तालुक्यातल्या आमच्या शिवणघराचं नाव झालं ते एका पुड्यामुळे. पुड्यात पावणेचार मीटर पॉपलीन, खाकी कागदावरचा नमुना, सव्वा इंची उरेब (म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेली) पट्टी, सुती फीत, दोऱ्याचं रीळ आणि १४ नंबरच्या दोन सुया. घरी पायमशीन आहे, सरळ टीप येते, पण कटोरी ब्लाऊजला हात लावायची भीती वाटते, अशा बाईने घेरदार रॅप ड्रेस, म्हणजे पुढे पदरावर पदर घेऊन बंदांनी बांधायचा ड्रेस, स्वतः शिवावा म्हणून तो काढला. नंतर बाजारात असाच दिसणारा, तीन मीटरचा, स्वस्त पुडा आला आणि आमचं शिवणघर बंद पडता पडता राहिलं. त्या पाऊण मीटरात काय असतं हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून आधी कापडाचा हिशेब.

कंबर ३० इंच धरा, सैल त्यातच आली. पाठीला १५ इंच. पुढचा प्रत्येक पदर एका बगलेच्या शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे तोही १५, आणि असे पदर दोन. बेरीज ४५. स्कर्ट अर्धगोल, म्हणून त्रिज्या ४५ भागिले ३.१४, म्हणजे १४ इंच ३ सूत (आठ सुतांचा एक इंच). ही शिवणीची रेषा. शिवणीचा अर्धा इंच वर्तुळाच्या आतल्या अंगाला सोडायचा, म्हणून कात्री चालते १३ इंच ७ सुतावर. नवीन शिकणाऱ्या बाया बरोबर इथे चुकतात. ब्लाऊजच्या सवयीने मार्जिन बाहेर धरतात. अर्धगोलात त्रिज्या अर्धा इंच वाढली की कमरेची रेषा दीड इंचाहून जास्त वाढते, आणि मग जोडताना चुण्या घालून वेळ मारून न्यावी लागते.

लांबी २६ आणि खालच्या दुमडीला अर्धा इंच धरला की बाहेरची त्रिज्या ४० इंच ७ सूत. पदरांच्या सरळ कडा दुमडायला आणखी एक इंच. पॉपलीनचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच, आटल्यावर साडेबेचाळीस-त्रेचाळीस उरतो. म्हणजे अर्धगोल त्यात बसतो, पण जेमतेम. किनारीच्या बाजूने ८२ इंच कापड लागतं, जवळपास दोन मीटर दहा. अंगाचा भाग, बाह्या आणि बंद मिळून एक मीटर पस्तीस. राहिलं ते आटण्याला आणि हातून वाकड्या चाललेल्या कात्रीला. हे आमचे पावणेचार.

पूर्णगोल कापा, जास्त घेर येईल, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. पूर्णगोल ४४ च्या पन्ह्यात एकसंध निघत नाही. दोन अर्धगोल जोडावे लागतात आणि नुसत्या स्कर्टला जवळपास साडेतीन मीटर कापड जातं. पहिल्या ड्रेसला ते करू नये. अर्धगोलाचा खालचा घेरही १२७ इंच भरतो.

आता तो तीन मीटरचा पुडा. शहरातल्या एका व्यापाऱ्याने आधी आमच्याकडूनच माल उचलला, तोही उधारीवर, आणि पुढे स्वतःचा पुडा काढला. पाठ १५ च ठेवली, पण पुढचे पदर प्रत्येकी १० वर आणले. बेरीज ३५, त्रिज्या ११ इंच १ सूत, घेर ११७. घेर दहाच इंचांनी कमी, फोटोत कुणाला ओळखू येत नाही. पण पुढे पदरावर पदर आमच्यात १५ इंच येतो, त्याच्यात फक्त ५. उभं राहिलं तर ठीक. खाली बसलं, गाडीवर बसलं, वारं आलं, की सरळ मांडीपर्यंत उघडं. चित्र सारखं, खाकी कागद सारखा, म्हणून शिव्या आमच्या दारात. दुकानदारांनी आमचे न फोडलेले पुडेही परत पाठवले. कापडाची उधारी डोक्यावर, बचत गटाचे हप्ते चालू, आणि व्यापाऱ्याकडची बाकी बुडीत. शिवणीच्या कडा गुंफणारी इंटरलॉकची मशीन त्या वर्षी विकावी लागली. तेव्हापासून शिवणी आतून उरेब पट्टीने बंद करतो. काम वाढलं, पण इंटरलॉकचे धागे टोचतात ही तक्रार त्याबरोबर गेली.

लहान धंदा करणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. नमुन्याचा कागद आणि कापड एकाच माणसाला उधारीवर देऊ नका. कापड बुडालं तर पैसे जातात. कागद गेला तर गिऱ्हाईक जातं.

त्या परत आलेल्या गठ्ठ्यात बायांनी शिवून पाहिलेले ड्रेसही होते. आमचे कटिंग मास्तर पहिल्यापासून धंद्यात भागीदार. त्यांनी ते ड्रेस उसवून टेबलावर पसरले आणि प्रत्येकाचा दोष कापडाचा की शिवणीचा हे वेगळं केलं. आमच्या पुड्यात आज जो सूचनांचा कागद असतो तो त्या गठ्ठ्यातून निघाला.

सगळ्यात जास्त तक्रार गळ्याची. तिरपा गळा पुढे वाकलं की लोंबतो, आतलं दिसतं. कारण सोपं आहे. खांद्यापासून समोरच्या कमरेपर्यंतची ती कड उरेब कापलेली असते. उभ्या धाग्यावर कापड ताणत नाही, तिरप्यावर ताणतं. कापून झाल्यावर तुकडा नुसता दोरीवर टाकला तरी कड लांबते. म्हणून कापल्या कापल्या, दुसरं काही करायच्या आधी, कडेपासून पाव इंच आत एक सरळ टीप मारून घ्यायची, खांद्याकडून कमरेकडे. मग कागदाच्या नमुन्यावर ती कड मोजायची. कापडावर नाही, कागदावर, कारण कापड तोवर खोटं बोलायला लागलेलं असतं. त्या मापापेक्षा अर्धा इंच कमी फीत कापून गळ्याच्या शिवणीत दाबायची. छातीच्या उंचवट्याजवळ कापड किंचित गोळा होतं, ते इस्त्रीखाली बसतं. फीत नसेल तर कापडाची किनार वापरा. ती तशीही स्कर्टच्या कडेला ठेवू नये, घट्ट विणीची असल्याने धुतल्यावर आखडते आणि पदराची कड वर ओढते.

पुष्कळ जणी मोबाइलवर पाहून गळा बेततात, तिथेही एक घोळ आहे. अमेरिकेत १९७४ साली फॅशन डिझायनर डायान फॉन फर्स्टनबर्ग यांनी ज्या रॅप ड्रेसने नाव कमावलं तो जर्सीचा होता. जर्सी म्हणजे स्वेटरसारखं फासे घालून विणलेलं, ताणणारं कापड. त्याची मापं आपल्या पॉपलीनला लावली तर मुंढ्यात काचतं आणि गळा मात्र सैल राहतो. आपल्याकडे पदरावर पदर घेऊन बंद बांधायचे ते बाराबंदीत आणि बाळाच्या झबल्यात, तेही साध्या सुती कापडात. तो हिशेब धरावा.

दुसरी तक्रार खालच्या घेराची, म्हणजे दोन ठिकाणी लोंबलेला. अर्धगोलात दोन्ही सरळ कडा उभ्या धाग्यावर, पाठीचा मध्य आडव्या धाग्यावर, आणि त्यांच्या मधले दोन भाग बरोबर उरेब. ते दोन भाग आपल्याच वजनाने उतरतात. स्कर्ट अंगाच्या भागाला जोडल्यावर ड्रेस हँगरला एक पूर्ण दिवस-रात्र लटकवा, रेयॉन असेल तर दोन दिवस. पॉपलीन थोडं उतरतं, रेयॉन इंचभर सहज. मग ड्रेस अंगावर घालून, बंद बांधून, जमिनीपासून पट्टीने मोजत खडूच्या खुणा करायच्या आणि वाढीव कापून टाकायचं. टेबलावर ठेवून सारखा करू नका.

दुमड पाव इंचाची, दोनदा. साडीच्या परकरासारखी रुंद दुमड हवी असा आग्रह धरणाऱ्या असतात. एक इंच दुमडलं तर कापलेली कड दोन इंच आतल्या, लहान वर्तुळावर जाऊन बसते. अर्धगोलात तिथे सव्वासहा इंच कापड जास्तीचं होतं, ते जाणार कुठे? पिळे पडतात. पाव इंचाला हाच फरक दीड इंचाचा, आणि तो इस्त्रीत जिरतो.

इस्त्रीचंही सांगायला हवं. आमच्याकडे अजून कोळशाची जड इस्त्री आहे. भारनियमनात पायमशीन जशी थांबत नाही तशी तीही थांबत नाही. पण उरेब भागावर इस्त्री ओढायची नाही. उचलून ठेवायची, परत उचलायची. ओढली की गळ्याची फीत लावून जे कमावलं ते गेलं. खडू मातीचा घ्या. मेणाचा खडू इस्त्रीखाली वितळून फिक्या पॉपलीनवर तेलकट डाग सोडतो. मास्तरांची मेरठची दहा इंची कात्री कागदाला कधी लागत नाही. कागदाने धार बोथट होते आणि बोथट कात्री रेयॉन कापत नाही, चावते. रेयॉनखाली जुनं वर्तमानपत्र घालून दोन्ही सोबत कापा असंही कुणी सांगतं, तेव्हा जुनी कात्री घ्यावी. वर्तुळ काढायला दोरी वापरू नका, दोरी ताणते. मोजपट्टी टाचणीने मध्यबिंदूला खोचून फिरवा, थोड्या थोड्या अंतरावर खुणा करा आणि त्या जोडा.

मशीनची सुई हे लोकांना बारीकसारीक वाटतं. पॉपलीनला १४, रेयॉनला ११. रेयॉनला जाड सुई लावली तर टाक्याशेजारी धागा ओढला जाऊन आडवी रेघ उमटते, ती जात नाही.

शिवायचा क्रम: आधी डार्ट, मग खांदे, मग गळ्याची फीत आणि उरेब पट्टी, मग बाह्या, शेवटी बगला. उजव्या बगलेच्या शिवणीत कमरेच्या लगेच वर दीड इंच जागा उघडी सोडा, दोन्ही टोकांना मागे-पुढे टीप देऊन. उजवा पदर वर, डावा आत. आतल्या पदराचा लांब बंद, ३८ इंचांचा, या फटीतून बाहेर येतो, पाठीवरून फिरतो आणि डाव्या बगलेला वरच्या पदराच्या २२ इंची बंदाला भेटतो. फट डाव्या बगलेत ठेवलेले ड्रेसही त्या गठ्ठ्यात होते. त्यात आतला पदर बांधताच येत नाही, नुसता लोंबतो.

स्कर्ट जोडताना कमरेची वर्तुळाकार कड सरळ कडेला लावायची असते, म्हणून तिला इंच-इंचावर तीन सुतांच्या चिरा द्या. त्याआधी तिच्यावरही गळ्यासारखी टीप मारलेली हवी, पण शिवणीच्या रेषेला लागून, चिरा पोचणार नाहीत अशी, नाहीतर चिरा फाटत जातात.

कापड आटवायचं काम पूर्वी आम्ही करून द्यायचो. आता पुड्यावर लिहितो, कारण अंगणात पसरायला जागा पुरत नाही. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. सुती पॉपलीन मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर आटतं. वैशाखातल्या आमच्या उन्हात टाकलं तर रंगही जातो. कापूस पिकतो याच मातीत, पण पॉपलीन आम्हाला नागपूरच्या गांधीबागेतून आणावं लागतं आणि तिथे ते इचलकरंजी-भिवंडीकडून आलेलं असतं. याची चीड येते, पण तो वेगळा विषय.

धंदा परत उभा राहिला तो पुलगाव रस्त्यावरच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविका ताईंमुळे. पहिल्या पुड्यांपासूनचं गिऱ्हाईक. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं होतं, "काहून वो भाऊ, हे गाडीवर उडन तं नाही ना?" त्यांची परीक्षा ठरलेली असते, स्कूटीवर बसून पाहायचं आणि पंगतीत मांडी घालून पाहायचं. व्यापाऱ्याचा ड्रेस एका बैठकीत कुणीतरी आणला तेव्हा ताईंनी दोन्ही नमुन्यांचे कागद एकावर एक ठेवून बायांना दाखवले. पदरांमधलं पाच इंचांचं अंतर सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर आसपासच्या गावांतून मागणी थेट आमच्याकडे यायला लागली, दुकानदार मधून गेले. उधारी फिटली. पुढची वर्षं नीट चालली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

व्यापारी अजूनही एकच माप विकतो, वर लिहितो 'फ्री साइज'. ते का खोटं आहे ते गणित सांगतं. २६ लांबीला ४४ च्या पन्ह्यात त्रिज्या १५ पर्यंतच बसते, म्हणजे बेरीज ४७, म्हणजे कंबर फार तर साडेएकतीस. त्यापुढे एकतर पदर चोरायचे, नाहीतर पन्हा बदलायचा. आम्ही ३२ पासून पुढच्या सगळ्या मापांना ५८ पन्ह्याचं कापड देतो. ३८ कमरेला १९ गुणिले ३, ५७. त्रिज्या १८ इंच १ सूत. स्कर्टला दोन मीटर तीस लागतात, आणि बाजूला उरलेल्या पट्टीतून बाह्या आणि बंद निघतात. दुकानात कापड घेताना रंगाआधी पन्हा विचारा, आणि लांब बंद तेव्हा ३८ ऐवजी ४२ इंचांचा कापा.