आमची वाटचाल: प्रत्येक हातात पिपेट

बडोद्यात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला जेल इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेच्या जोरावर डीएनएचे तुकडे जेलीतून सरकवून वेगळे करण्यावर, आकृतीसह सुरेख उत्तर लिहिता येतं. पण जेलच्या खाचेत नमुना भरायला सांगितला की तिचा हात थरथरतो, कारण अनेकदा वर्गात प्रयोग सर करतात आणि बाकीचे खांद्यावरून बघतात. दांडिया बाजारातली आमची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली ती यासाठीच, की रेण्वीय जीवशास्त्राचा पहिला धडा प्रत्येकानं स्वतःच्या हातानं गिरवावा.

भांडवल थोडं होतं. सासूबाईंनी तळमजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. जेलची टाकी माझ्या दिरांनी मकरपुऱ्यातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये ॲक्रिलिकची करून दिली. "वहिनी, झाकण काढलं की करंट बंद व्हायलाच हवा," हा आग्रह त्यांचाच. निर्जंतुकीकरणाला प्रेशर कुकर पुरला. १५ पौंड दाबाला आतलं तापमान १२१ अंशांवर जातं. वाचलेले पैसे मायक्रोपिपेटवर, म्हणजे द्रवाचा अगदी छोटा थेंब मोजून उचलणाऱ्या साधनावर, घातले. आठ मुलांची तुकडी आणि आठ पिपेट, हे गणित तेव्हापासून बदललेलं नाही.

पहिला तास रंगीत पाण्याचा. बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत. दहा मायक्रोलिटरचे थेंब एका ओळीत, सारखे दिसेपर्यंत. फी भरून पाण्याशी काय खेळायचं, असं काही पालकांना वाटतं, पण हा तास मी कधीही कमी करणार नाही.

त्यानंतरचा प्रयोग माझा सर्वांत आवडता. लॅम्डा या विषाणूचा डीएनए ४८,५०२ बेसजोड्यांचा असतो, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्या. हिंड-थ्री हे एन्झाइम त्याला सात ठिकाणी कापतं, म्हणजे तुकडे आठ. ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग एक टक्का अ‍ॅगारोजच्या जेलमध्ये भरून १०० व्होल्ट सोडायचे. फॉस्फेटमुळे डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे पळतो आणि लहान तुकडे पुढे निघतात. डीएनए दिसण्यासाठी इथिडियम ब्रोमाइड हा जुना रंग आम्ही वापरत नाही. निळ्या प्रकाशात चमकणारा कमी धोक्याचा रंग वापरतो.

दिवा लावला की मुलं पट्टे मोजतात. आठ हवेत, दिसतात बहुधा सहाच. "ताई, माझं चुकलं का?" नाही, काहीच चुकलेलं नाही. रंग डीएनएच्या लांबीभर चिकटतो. १२५ जोड्यांच्या इवल्या तुकड्यावर तो बसणार किती? ५६४चा पट्टाही जेमतेम दिसतो. एखाद्या चौकस मुलीच्या लक्षात येतं की ४,३६१चा पट्टा फिका आहे आणि सर्वांत वर एक जास्तीचा आहे. लॅम्डाच्या दोन्ही टोकांना बारा अक्षरांची एकेरी शेपटी असते आणि त्या एकमेकींना धरतात, म्हणून टोकांचे दोन तुकडे, ४,३६१चा आणि सर्वांत मोठा, जोडून एकत्र सरकतात. नमुना ६५ अंशांवर तापवून लगेच बर्फात ठेवला की त्या सुटतात. तीच मुलगी जेल पुन्हा चालवते. पुस्तकातल्या आकृतीत हे कुठून दिसणार?

ई. कोलाय या जिवाणूच्या निरुपद्रवी जातीत चमकणाऱ्या प्रथिनाचा प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, घालतो, तेव्हा सगळ्यांना हिरव्या प्लेटचा फोटो हवा असतो. मी आधी प्लास्मिड न घातलेल्या जिवाणूंच्या प्लेटवर लिहायला लावते: अँपिसिलिन आहे, प्लास्मिड नाही. अँपिसिलिन हे प्रतिजैविक, प्लास्मिड नसलेले जिवाणू त्यात वाढू नयेत. तिच्यावर काही उगवलं, तर कुठेही जिवाणूंची वसाहत वाढली म्हणून प्लास्मिड आत गेला असं म्हणता येत नाही. प्लेटमधली आगर नावाची जेली ओतण्याआधी फार गरम असताना अँपिसिलिन घातलं की ते निकामी होतं, हे मुलं इथेच शिकतात.

एका संस्थेनं साठ जणांची तुकडी, दोन तासांचं प्रात्यक्षिक आणि सर्टिफिकेट असा प्रस्ताव आणला होता. पैसे चांगले होते आणि आमची तेव्हा ओढाताण चाललेली. तरी नाही म्हटलं. पुढे आमच्याकडे शिकलेली मुलं आसपासच्या औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांत लागली आणि त्यांनीच धाकट्या भावंडांना पाठवलं. व्यवसाय त्यावर उभा राहिला. या गावाला हे नवं नाही. सयाजीरावांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन निघालं, ते हातानं शिकवण्यासाठीच, आणि ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे होते.

आता जुनं पण उत्तम चालणारं पीसीआर यंत्र, म्हणजे डीएनएच्या एका भागाच्या भरपूर प्रती काढणारं यंत्र, आलं आहे. मुलं स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी घेऊन सोळाव्या गुणसूत्रावरची एक जागा तपासतात. तिथे अलू नावाचा सुमारे ३०० जोड्यांचा तुकडा असेल तर पट्टा ९४१वर, नसेल तर ६४१वर, काहींना दोन्ही. आरोग्याशी त्याचा संबंध नाही, हे आधी सांगतो, आणि नळीवर नाव नाही, फक्त आकडा.

दिवाळीनंतर हीच साधनं पेटीत भरून पादरा आणि वाघोडियाच्या शाळांत न्यायची आहे. शाळेनं एक प्लग आणि टेबलं द्यावीत. बर्फ आम्ही आणू.