तुम्ही विचारलंत म्हणून: एअर क्लीनर बदलून ताकद किती वाढते?

कार्बोरेटरची (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे जुन्या पद्धतीचे यंत्र असलेली), जुनी आणि मुळातच वेगासाठी बांधलेली गाडी बाळगणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा क्रोमचा एखादा चकचकीत गोल एअर क्लीनर आधीच बसलेला असतो. हवा गाळणाऱ्या फिल्टरचा, कंपनीने दिलेला पत्र्याचा बंद डबा काढून टाकला आणि त्याच्या जागी चहूबाजूंनी उघडा फिल्टर लावला, तर इंजिनाची ताकद किती वाढेल, असा तो प्रश्न. तोंडी उत्तर देताना मी "तुमच्या डब्यावर अवलंबून आहे" एवढेच म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो आहे. बहुतेक गाड्यांमध्ये उघड्या फिल्टरने आवाज वाढतो, ताकद जेमतेम वाढते, आणि बॉनेटखालची गरम हवा आत जाऊ लागली तर ती कमीही होते. खरा फायदा असतो तो बाहेरची थंड हवा कार्बोरेटरपर्यंत पोहोचवण्यात आणि त्या हवेच्या हिशेबाने कार्बोरेटर पुन्हा जुळवून घेण्यात.

आधी इंजिनाला हवा लागते किती, ते पाहू. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांमध्ये एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. म्हणजे 5.7 लिटरचे इंजिन मिनिटाला 5,500 फेरे घेत असेल आणि त्याचे सिलिंडर 85 टक्के भरत असतील, तर त्याला मिनिटाला सुमारे 13,300 लिटर, म्हणजे साधारण 470 घनफूट हवा लागते. हा आकडा पूर्ण थ्रॉटलचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचा आहे. रस्त्यावर सरळ चालीने जाताना थ्रॉटलची, म्हणजे हवेचा मार्ग कमीजास्त करणारी, पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि हवेला खरा अडथळा त्या पाकळीचाच होतो. त्या वेळी फिल्टर बंद आहे की उघडा, याचा इंजिनाच्या ताकदीशी काही संबंध उरत नाही. नवा फिल्टर लावल्यावर "शहरातसुद्धा पिकअप वाढला" असे सांगणाऱ्यांवर मी अविश्वास दाखवत नाही, पण तो पिकअप कानाला जाणवलेला असतो, असे माझे मत आहे.

त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी मोजणी करावी, आणि त्यासाठी लागणारे साधन अगदी साधे आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची एक लांब नळी घेऊन ती फळीवर यू आकारात, उभ्या बाजू पाऊण मीटरच्या राहतील अशी बसवावी आणि निम्म्या उंचीपर्यंत रंगीत पाणी भरावे. नळीचे एक टोक एअर क्लीनरच्या आत, फिल्टरच्या कार्बोरेटरकडील बाजूला उघडेल असे जोडावे. दुसरे टोक गाडीत मोकळे ठेवावे. मग मोकळ्या आणि सुरक्षित जागी, शक्यतो बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी फेऱ्यांच्या वरच्या टोकाला न्यावी आणि शेजारी बसलेल्याने दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचावा. पाण्याची एक बाजू सावकाश वर चढत जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच झपकन खाली येते. ते एकदा डोळ्यांनी पाहिले की जाहिरातींवरचा बराचसा विश्वास आपोआप कमी होतो. वातावरणाचा दाब सुमारे 1,033 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, म्हणून दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक टक्का दाब आणि तेवढीच ताकद गेली, असे समजावे. 200 अश्वशक्तीच्या इंजिनात ते दोन अश्वशक्ती होतात. अडथळा हवेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे निम्म्या फेऱ्यांवर हाच फरक जेमतेम अडीच सेंटिमीटर दिसेल.

एकाच मोजणीवर मात्र थांबू नये. पहिला आकडा सगळे जसेच्या तसे ठेवून घ्यावा, दुसरा, धूळ नसलेल्या जागी, फक्त फिल्टर काढून, आणि तिसरा फिल्टर परत बसवून पण वरचे झाकण उलटे लावून. झाकण उलटे बसवण्याची ही युक्ती जुनी आहे: गोल डब्याच्या कडेने फट पडते आणि हवा सोंडेतून, म्हणजे डब्याच्या हवा घेणाऱ्या नळीतून, येण्याऐवजी सगळीकडून येते. फिल्टर काढल्यावर आकडा उतरला तर दोष मळलेल्या फिल्टरचा. झाकण उलटल्यावर उतरला तर दोष सोंडेच्या अरुंद तोंडाचा. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा सोंडेचाच निघतो, कारण त्या काळातल्या बऱ्याच डब्यांना आवाज दाबण्यासाठी मुद्दाम एकच बारीक सोंड दिलेली असे. अशा वेळी दोन सोंडांचा डबा मिळवणे किंवा आहे त्याला दुसरी सोंड जोडून घेणे हा सर्वांत शहाणपणाचा उपाय ठरतो, आणि डबा बंदच राहत असल्यामुळे त्याला थंड हवेचा पाइपही लावता येतो.

आता तापमानाकडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत कमी बोलला जातो. हवा दर तीन अंशांना साधारण एक टक्क्याने विरळ होते. बाहेर 30 अंश असताना बॉनेटखाली, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू बाहेर नेणारे तापलेले नळ) आणि रेडिएटरच्या सान्निध्यात, 60 अंशांची हवा असणे यात विशेष काही नाही. आणि 60 अंशांच्या हवेपेक्षा 30 अंशांची हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी घन असते. हे दहाही टक्के चाकांपर्यंत पोहोचत नाहीत, कारण थंड हवा इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या, गरम भिंतींजवळून जाताना काही उष्णता पुन्हा उचलते. ताकदीतला फरक त्याच्या निम्मा, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास धरावा. तरीही ज्या डब्याचा अडथळा मोजून एक-दीड टक्का निघाला, तो काढून त्याच्या जागी बॉनेटखाली उघडा फिल्टर लावणारा माणूस एक टक्का मिळवण्यासाठी पाच टक्के गमावण्याची सोय करतो. शिवाय गरम हवेने नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी खडखड) वाढते, आणि जास्त कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनांमध्ये ते टाळण्यासाठी इग्निशनचा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्यावा लागला की आणखी थोडी ताकद जाते.

गाड्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतेच. पाँटिअ‍ॅकच्या जीटीओ या अमेरिकन गाडीमध्ये बॉनेटवरचा स्कूप (हवा आत घेणारे उंचवट्याचे तोंड) उघडून, कार्बोरेटरभोवती थाळी आणि फोमची सील बसवून बाहेरची हवा आत घेण्याची सोय 1965 पासून मिळू लागली. 1970 च्या शेव्हरले शेव्हेल एसएसमध्ये विंडशील्डच्या पायथ्याशी साठणारी जास्त दाबाची हवा बॉनेटच्या मागच्या बाजूला असलेल्या झडपेतून आत घेतली जात असे, आणि ती झडप थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच उघडे. अशा योजनांना "रॅम" म्हणण्याची पद्धत पडली, तरी वाऱ्याच्या रेट्याने हवा कोंबली जाते ही कल्पना रस्त्यावरच्या वेगांना फारशी लागू पडत नाही. ताशी 100 किलोमीटरला वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो, आणि ताशी 160 ला तो सव्वा टक्क्याच्या आत राहतो. त्या स्कूपचा उपयोग होता तो थंड हवेसाठी. म्हणून स्कूप असेल आणि त्याच्याखाली डबा फोमने नीट बंद केलेला नसेल, तर तो केवळ शोभेचा आहे असे समजायला हरकत नाही.

इथे एका स्वस्त दुरुस्तीचा उल्लेख करायलाच हवा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक गाड्यांच्या सोंडेत एक झडप आली. इंजिन थंड असताना ती बाहेरची हवा बंद करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून तापलेली हवा घेते आणि इंजिन तापल्यावर बाहेरच्या हवेकडे वळते. इतक्या वर्षांनी ती गंजून किंवा तिचा सेन्सर बिघडून गरम बाजूलाच अडकलेली सापडते, आणि मालक मात्र नव्या फिल्टरच्या शोधात असतो. इंजिन तापल्यावर लहान आरसा धरून सोंडेत पाहावे. झडप बाहेरच्या हवेला उघडी दिसली नाही तर आधी ती दुरुस्त करावी. ही झडप काढूनच टाकावी असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बारा महिने उष्ण हवेत गाडी चालवणाऱ्याचे त्यावाचून काही अडणार नाही, पण दमट आणि थंड हवेत, म्हणजे तापमान शून्याच्या वर पण पंधरा अंशांच्या खाली असताना, पेट्रोलच्या बाष्पीभवनामुळे कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरतो आणि गाडी कारण न कळता बंद पडते. ती झडप त्यासाठीही असते.

समजा, थंड हवा मिळाली. आता कार्बोरेटरला हे कळत नाही की हवा घन झाली आहे. त्याला फक्त व्हेंचुरीत, म्हणजे आपल्या अरुंद घशात, निर्माण झालेला दाबाचा फरक कळतो. हवेची घनता दहा टक्क्यांनी वाढली तर आत जाणारी हवा वजनाने दहा टक्के वाढते, पण जेटमधून (पेट्रोलच्या मोजक्या भोकातून) येणारे पेट्रोल त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे पाचच टक्के वाढते. परिणामी मिश्रण सुमारे पाच टक्क्यांनी लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. पूर्ण ताकदीसाठी पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे साडेबारा ते तेरा भाग लागतात; आधी 12.8 असलेले प्रमाण 13.4 वर गेले की मिळालेल्या फायद्यातला काही भाग तिथेच वाया जातो आणि पिस्टनला ताप होतो तो वेगळाच. पाच टक्के जास्त पेट्रोलसाठी जेटच्या भोकाचा व्यास अडीच टक्के वाढवावा लागतो. वेबर कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शतांशात असल्यामुळे तिथे हिशेब सोपा आहे: 140 च्या जागी 145 म्हणजे गरजेपेक्षा किंचित जास्त. होली या दुसऱ्या बनावटीच्या कार्बोरेटरच्या जेटवरचे क्रमांक व्यास दाखवत नाहीत, तिथे तक्ता पाहावा. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा) बसवून प्रमाण वाचता आले तर उत्तम. नाहीतर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन तिथल्या तिथे बंद करून प्लग काढून पाहण्याची जुनी रीत आहेच, मात्र आजच्या पेट्रोलमध्ये प्लगचा रंग पूर्वीइतका स्पष्ट बोलत नाही.

याच संदर्भात फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीच्या) व्हेंटकडे, म्हणजे तिच्या हवेच्या छिद्राकडे, लक्ष द्यावे. ज्या कार्बोरेटरचा व्हेंट एअर क्लीनरच्या आत उघडतो, त्याच्या पेट्रोलवर तोच दाब असतो जो येणाऱ्या हवेवर असतो, त्यामुळे फिल्टर मळला तरी मिश्रण फारसे बिघडत नाही, फक्त ताकद कमी होते. ज्याचा व्हेंट बाहेर उघडतो, त्यात मळलेल्या फिल्टरने मिश्रण रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त जाऊ लागते. नव्या एअर क्लीनरचे झाकण व्हेंटच्या नळ्यांना चिकटले, किंवा स्कूपमधला वारा थेट त्या नळ्यांवर आदळू लागला, तर वेगानुसार मिश्रण भरकटते आणि जेट बदलत बसण्याला अंत राहत नाही. बॉनेट बंद व्हावे म्हणून खोल तळाचा बुटका क्लीनर लावणाऱ्यांच्या वाट्याला हे फार येते. झाकण आणि कार्बोरेटरच्या वरच्या कडेत किमान पाच सेंटिमीटर मोकळे राहतील अशी उंची मिळत नसेल, तर तो क्लीनर मी घेणार नाही.

बॉनेटखाली जागा किती आहे, हे अंदाजाने ठरवू नये. झाकणावर आणि मधल्या फुलपाखरी नटवर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट अलगद टेकवावे, पुन्हा उघडून दबलेल्या गोळ्यांची जाडी पट्टीने मोजावी. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन आपल्या माउंटवर एका बाजूला उचलले जाते, त्यासाठी अडीच सेंटिमीटर राखीव ठेवावेत.

फिल्टर कागदाचा घ्यावा की तेल लावलेल्या कापसाचा, यावर लोक तावातावाने बोलतात. मला त्यात फारसा रस नाही. पुरेशा मोठ्या आकाराचा कागदी फिल्टर धूळ उत्तम अडवतो आणि त्याचा अडथळा पाण्याच्या नळीवर क्वचितच दिसतो. चौदा इंच व्यासाच्या डब्यात दोन इंचांऐवजी तीन इंच उंचीचा फिल्टर मावत असेल तर तो जरूर घालावा, एवढे मी म्हणेन. फोमचा फिल्टर मात्र कार्बोरेटरवर नको, कारण कार्बोरेटरमधून बॅकफायर झाला (ज्वाळा उलटी बाहेर आली) तर तो पेटू शकतो.

बसवताना क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोटाच्या) ब्रीदरची, म्हणजे त्याला हवा पुरवणारी, नळी विसरू नये. जुन्या डब्याला ती जोडलेली असते आणि उघड्या क्लीनरला बहुधा तिची जागाच नसते. मग ती तशीच लोंबकळत सोडली की इंजिनाच्या पोटात न गाळलेली हवा जाते. आणि शेवटचा फुलपाखरी नट बोटांनीच, झाकण हलणार नाही इतपतच आवळावा. पक्कड लावून आवळल्याने कार्बोरेटरचे वरचे अंग वाकते, क्वाड्राजेट या बनावटीच्या कार्बोरेटरचे तर फारच लवकर, आणि नंतर चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा रोखणारी) पाकळी अडकू लागली की दोष नव्या फिल्टरला दिला जातो.