बांध कोरणारे लॅक्स्टनलाही असतात

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ समोर आली आणि तेवढ्यात काकांचा फोन, मोजणीची तारीख परत पुढे गेली म्हणून. तिसऱ्यांदा. आमची गावाकडची जमीन म्हणजे सगळी मिळून अडीच एकर, त्यातली पूर्वेची कड शेजारी दरवर्षी नांगरताना वीत-वीत आत घेतो असं काकांचं म्हणणं, आणि शेजाऱ्याचं म्हणणं अर्थातच बरोब्बर उलट. बांधावर एक बोरीचं झाड होतं, आजोबांच्या वेळची खूण. ती बोर आज त्याच्या टोमॅटोच्या मधोमध उभी आहे, आता झाड तर चालत गेलं नसेल ना!

नेमकं त्याच आठवड्यात मी रात्री मोबाईलवर इंग्लंडमधल्या एका गावाबद्दल वाचत बसलेलो, त्यामुळे डोक्यात तेच. गावाचं नाव लॅक्स्टन, नॉटिंगहॅमशायरमधलं, रॉबिन हूडच्या गोष्टीतल्या शेरवुडच्या पट्ट्यातलं. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने सगळ्या देशाचा जो सातबारा काढला त्यात, या गावाची नोंद आहे. नॉर्मन लोकांनी तिथे गढी बांधली, आता नुसते गवताचे उंचवटे उरलेत. किल्ल्याच्या बाबतीत आपण त्यांना काय मोजायचं, तो विषय सोडा.

खरी मजा शेतात आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या बऱ्याच भागात गावाची शेती अशी असायची की दोन-तीन मोठ्ठी उघडी शेतं, मध्ये कुंपण नाही, आणि त्यात प्रत्येकाचे लांबट पट्टे विखुरलेले. एक पट्टा काळ्या जमिनीत, एक मुरमाड, एक पाणी साचणारा. म्हणजे चांगलं-वाईट सगळ्यांच्या वाट्याला. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड, आणि दरवर्षी पाळी फिरायची. पीक निघालं की गावाची जनावरं सगळ्यांच्या रानात चरायची.

पुढे हे मोडलं. पार्लमेंटने एका मागोमाग एक कायदे करून, सगळे धरले तर 5,200 च्या वर, जमिनी एकत्र केल्या आणि कुंपणं घातली, त्यात छोट्या लोकांचं चराईचं गायरान गेलं ते गेलंच. आपल्याकडे 1947 च्या तुकडेबंदीच्या कायद्यानंतर एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, आणि कोणाचं कुठं गेलं यावर म्हातारी माणसं अजून पारावर भांडतात, तसंच काहीसं समजा.

लॅक्स्टन मात्र वाचलं. असं सांगतात की तिथल्या दोन मोठ्या जमीनदारांचं आपसात जमलंच नाही, म्हणून काम रखडलं. भाऊबंदकीने गाव वाचल्याचं हे मी ऐकलेलं एकमेव उदाहरण :) अगदी जसंच्या तसं राहिलं असंही नाही हं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून रुंद केले, शेतंही लहान झाली. पण तीन शेतं आहेत, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड, आणि पाळीही चालू आहे.

1635 साली मार्क पियर्स नावाच्या माणसाने गावाचा नकाशा काढला, कुठला पट्टा कोणाचा ते सगळं, आणि मध्ये मध्ये नांगरणारी, कापणी करणारी इवली इवली माणसंपण. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. आमच्या गटाचा नकाशा मागितला तर एक झेरॉक्स मिळाली, तीही घडीवर नेमकी आमच्या बांधावरच पुसलेली.

आणि आता मेन गोष्ट. दर नोव्हेंबरच्या शेवटी गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गहू पेरलेल्या शेतात जाते. हद्द बघतात, खुंट्या ठोकतात. कोणी रस्त्यात किंवा सगळ्यांच्या गवताच्या पट्टीत नांगर घुसवला असेल तर नाव लिहून घेतात. मग आठवड्याभराने गावच्या पबमध्ये, डव्हकोट इन त्याचं नाव, कोर्ट लीट, म्हणजे जुन्या काळापासूनचं गावचं कोर्ट, बसतं, तिथे गावासमोर दंड. 1977 मध्ये पार्लमेंटने अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले तेव्हा लॅक्स्टनचे मुद्दाम ठेवले. मालक बदलत राहिले, 1952 ला सरकारच्या शेती खात्याने घेतलं, 1981 ला क्राउन इस्टेट, 2020 ला थोर्सबी इस्टेट, पण खुंट्या ठोकणं थांबलं नाही.

मला यातलं जास्त काय आवडलं तर दंड नाही, ती खुंटी. चोर कोण यावर वर्षभर कुजबुज नाही, हद्द इथं, संपलं, पुढच्या वर्षी परत बघू.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं, मिसळीवरचा तर्रीचा थर गार होऊन घट्ट झालेला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ज्युरीत कोण असतं, बाहेरचे?"

म्हटलं नाही काका, गावातलेच, सगळे तिथलेच शेतकरी, त्यांचे स्वतःचे पट्टेही त्याच शेतात.

"मग त्यांनी कोरलेला बांध कोण बघतं?"

मी म्हटलं बाकीचे बघतात की. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं, येताना चार खुंट्या घेऊन ये. लोखंडी आण, लाकडाच्या तो उपटतो."