पाच जूनच्या आधी येणारे फोन

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला दोन-चार फोन ठरलेले असतात. कधी कराडहून, कधी विट्याहून, कधी इथल्याच सांगली-मिरजेच्या एखाद्या कॉलेजातून. पलीकडे बहुतेक वेळा एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, जबाबदारी नुकतीच अंगावर आलेला तरुण प्राध्यापक असतो. "मॅडम, पर्यावरण दिन आला. मुलांसाठी काय घेऊ? वृक्षारोपण सगळेच करतात, काहीतरी वेगळं सांगा की." फोनवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहते. मी रसायनशास्त्र शिकवते, मध्ये खंड पडून दोनदा एनएसएसची कार्यक्रम अधिकारीही होते. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं बोलू. एप्रिलच्या २२ तारखेला जो वसुंधरा दिन असतो, तो १९७० साली अमेरिकेत सुरू झाला. गेलॉर्ड नेल्सन नावाच्या सिनेटरची ती कल्पना. कॉलेजातली मुलं मोठ्या संख्येनं यावीत म्हणून तिथली वसंतातली सुट्टी संपलेली आणि वार्षिक परीक्षा सुरू न झालेली, असा मधला दिवस शोधला गेला. त्या दिवशी सुमारे दोन कोटी लोक बाहेर पडले असं सांगतात. म्हणजे त्यांनी त्यांच्या मुलांचं वेळापत्रक बघून तारीख ठरवली. आपण तीच तारीख घेतली, आणि आपल्याकडे २२ एप्रिलला मुलं परीक्षेत असतात.

पाच जूनचं तेच. १९७२ साली स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची परिषद त्या दिवशी सुरू झाली, आणि १९७३ पासून तो दिवस पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा कॉलेजं उन्हाळी सुट्टीत. जतची मुलं जतला, शिराळ्याची शिराळ्याला. आवारात येतात ती गावातली दहा-पंधरा मुलं, ऑफिसातले लोक आणि आपण. पाच जूनला जरूर काहीतरी करा, माझा विरोध नाही. पण वर्षाचा मुख्य कार्यक्रम त्या दिवसावर टांगू नका. आपल्या कार्यक्रमाची तारीख आपल्या नदीनं आणि आपल्या परीक्षेच्या वेळापत्रकानं ठरवावी, असं माझं ठाम मत झालंय, आणि ते चुका करून झालंय.

पहिल्यांदा कार्यक्रम अधिकारी झाले त्या जुलैत आम्ही दत्तक गावाच्या गायरानात दोनशे रोपं लावली. जेसीबीनं खड्डे काढून ठेवलेले, ट्रॅक्टरमधून रोपं आलेली, पाऊसही चांगला. हिवाळ्यात सात दिवसांच्या शिबिराला गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त रोपं उभी होती आणि मला फार समाधान वाटलं. पुढच्या जूनमध्ये जाऊन मोजली तर अकरा. शेळ्यांनी काही खाल्ली असतील, पण खरं कारण साधं होतं. मार्चच्या मध्यापासून मुलं अभ्यासात, एप्रिलात परीक्षा, मेमध्ये सुट्टी. रोपाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते ते तीन महिने कॉलेज ओस पडलेलं असतं. लावण्याच्या दिवशीच गावातल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "बाई, उन्हाळ्यात पानी कोन घालनार?" मी म्हणाले होते, "बघू की." ते 'बघू की' मला अजून सलतं.

त्यानंतर आम्ही वर्षाला पंधराच रोपं लावायला लागलो. पंधरा घरं निवडायची, ज्यांच्या मोरीचं पाणी अंगणात किंवा परसात निघतं, आणि त्या पाण्यावर रोप लावायचं. जांभूळ, करंज, कडुलिंब, कुणी मागितलं तर शेवगा. मुलांनी जायचं ते रोप बघायला आणि त्या घरातल्या माणसांशी बोलायला. संख्या अहवालात लहान दिसते. ती दिसू द्या. आणि मुलांना एकदा सागरेश्वरला न्या. देवराष्ट्रेजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं ते अभयारण्य जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं आहे. पण त्या झाडीत उभं राहून 'हे पूर्वी उजाड होतं' असं सांगितलं की मुलं पहिला प्रश्न विचारतात तो किती वर्षं लागली हाच.

आता मला सगळ्यात जवळच्या कार्यक्रमाबद्दल लिहिते. तो कृष्णा नदीवर होतो आणि त्याला तीन बाटल्या लागतात.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची एक जुनी रीत आहे. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं ती १८८८ साली दिली, आणि आजही बीएस्सीची मुलं प्रॅक्टिकलला तीच करतात. तीनशे मिलिलिटरची, काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न राहू देता पाण्यानं काठोकाठ भरायची. त्यात दोन मिलिलिटर मँगॅनीज सल्फेट आणि दोन मिलिलिटर अल्कलाइन आयोडाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून सोडायचं. बूच लावून बाटली खाली-वर करायची आणि थांबायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि हळूहळू बुडाशी बसतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो.

प्रयोगशाळेत हे करताना मुलांना जांभई येते. नदीवर येत नाही. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी, पाणी उतरलेलं असताना, सकाळी सातला घाटावर जातो. एक बाटली नाला मिळण्याच्या वरच्या अंगाला भरायची, एक थेट नाल्यातून, एक खालच्या अंगाला. (सांडपाण्याचा शेरी नाला, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.) पहिल्या वर्षी मुद्दाम बीएच्या मुलांनाही बोलावलं होतं. तीनही बाटल्या घाटाच्या पायरीवर ओळीनं ठेवल्या. वरच्या पाण्याची बाटली बघता बघता तपकिरी झाली. खालची फिकी. नाल्याची बदललीच नाही. इतिहास घेतलेला एक मुलगा उकिडवा बसून तिच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "मॅडम, ही पांढरीच राह्यली की." मग थोड्या वेळानं, "ह्यात मासं कसं जगत असतील ओ?" मी काहीच बोलले नाही. तो स्वतःच म्हणाला, "जगतच नसतील."

त्या मुलानं पुढे तीन वर्षं एकही फेब्रुवारी चुकवला नाही.

बाटल्या तशाच बंद करून प्रयोगशाळेत आणायच्या. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आपण स्वतः घालायचं, मुलांच्या हातात द्यायचं नाही. साका विरघळून पिवळा-तपकिरी रंग येतो. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेशन करायचं, म्हणजे ते थेंबथेंब सोडत जायचं, शेवटाकडे स्टार्च घालायचा, निळा रंग गेला की थांबायचं. जितके मिलिलिटर थायो लागलं तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लिटरमध्ये. कॉमर्सच्या मुलालाही हा हिशेब कळतो. पंचवीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. नदीत आंघोळ करायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीप्रमाणे निदान पाच हवा. आकडा वहीत लिहायचा, खाली तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि मोजणाऱ्यांच्या सह्या. पुढच्या वर्षी त्याच पायरीवर, त्याच वेळी. आमची वही आता जाड झालीय.

एक सावधगिरी. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या सकाळी उन्हाला काठावर येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत अंडी घालतात. म्हणून नमुना बांधलेल्या घाटावरूनच घ्या, झाडोऱ्यातल्या काठावर मुलांना उतरवू नका, आणि मार्च-एप्रिलमध्ये 'नदीकाठ स्वच्छता' म्हणून कच्चे काठ खणत बसू नका. काठ त्यांचाही आहे.

दुसरा कार्यक्रम पावसाळ्यातला. त्याला आम्ही 'पाणी कुठवर आलं होतं' म्हणतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. हे आकडे सांगलीत लहान पोरालाही पाठ असतात, पण कॉलेजात आत्ता असलेली मुलं तेव्हा शाळेत होती. आपण कुणाच्या तरी माळ्यावर बसलो होतो, एवढंच त्यांच्या लक्षात आहे. तर जुलैच्या सुरुवातीला, पाणी चढायच्या आत, मुलांच्या चार-पाच तुकड्या करायच्या. एक दत्तनगर-काकानगरकडे, एक सूर्यवंशी प्लॉटकडे, एक हरभट रोडला, एक हरिपुरात, जिथे वारणा कृष्णेला मिळते. घराघरांत विचारायचं की पाणी कुठवर आलं होतं, आधी कुठल्या बाजूनं आलं, किती दिवस थांबलं. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. टेपनं मोजायचं, लिहायचं. एका घरात आजोबांनी आधी २०१९ ची रेघ दाखवली, मग तिच्याखाली २००५ ची, आणि मुलींना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

परत आल्यावर वर्गात गणित करायचं. पेपरात रोज येणारा क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, दोन कळशा. एक लाख क्युसेक चोवीस तास सोडले तर ८.६४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, होतात. कोयना धरणाची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिथून ते पाणी आपल्याकडे येतं. हे फळ्यावर मांडलं की मुलं आपसूक पुढचे प्रश्न विचारतात. धरण रिकामं कधी ठेवायचं, पूररेषेत प्लॉट कुणी पाडले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय. सगळ्यांची उत्तरं आपल्याकडे नसतात, आणि ती असल्याचा आव आणू नका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एखादा अभियंता गावात असतोच. त्याला बोलवा. व्याख्यानासाठी नको, प्रश्नांना उत्तरं द्यायला.

शेतकऱ्यांच्या घरातली मुलं जास्त असतील तर माती. वाळवा, पलूस, मिरज भागात उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन किती जमीन क्षारपड झालीय हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी आपल्याच रानातली माती आणायची. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत जायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. कॉलेजात सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता मोजता येते. मातीच्या अर्कातली वाहकता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. या कार्यक्रमाची एक गोष्ट मला फार आवडते. निकाल लागायच्या आधीच घरून फोन येतात. एकाचे वडील म्हणाले, "मॅडम, पोरानं माती नेलीया, काय निघालं?" त्या मुलाशी त्याच्या वडिलांनी शेताबद्दल काही विचारण्याची ती पहिली वेळ होती, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

पक्ष्यांचं थोडक्यात सांगते. फेब्रुवारीत चार दिवस देशभरातल्या कॉलेजांमध्ये आवारातले पक्षी मोजतात. निदान पंधरा मिनिटं एका ठिकाणी थांबून दिसेल तो पक्षी नोंदवायचा, खर्च शून्य. पहिल्या दिवशी मुलांना कावळा, चिमणी, साळुंकी येते. चौथ्या दिवशी वेडा राघू येतो.

आणि साताऱ्याजवळचं कास, फुलांचं पठार. दरवर्षी सप्टेंबरात कुणीतरी दोन बसेस भरून कासला जायचं म्हणतं. पठार सुंदर आहे, पश्चिम घाटाच्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारसा म्हटलं त्यातलं ते एक. पण जांभ्या खडकावरचा मातीचा थर कुठे कुठे बोटभरही नसतो, आणि शंभर मुलं फोटो काढत फिरली तर तो सगळ्यात आधी तुडवला जातो. वनस्पतिशास्त्राची दहा मुलं न्या, दिवसभर एका जागी बसवा. बाकीच्यांना भोशाजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर चालवा. तिथलं गवत आणि तिथली झाडं ओळखायलाच वर्ष जाईल.

प्राचार्य काय म्हणतील, हा तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत पर्यावरणाच्या उपक्रमांना जागा आहे, जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो लागतात, अहवाल लागतो. द्या की. घाटावरच्या तीन बाटल्यांचा फोटोही जिओटॅग होतो. शिवाय पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आहेच. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली एम. सी. मेहतांच्या याचिकेवर आदेश दिला, त्यातून पुढे तो आला, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मूळ अभ्यासक्रमात शंभरातले २५ गुण क्षेत्रभेटीचे होते. ते २५ गुण आज बऱ्याच ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार प्रकल्पावर दिले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पूररेषेची मोजणी, मातीची चाचणी, नदीची बाटली, यातलं काहीही त्या प्रकल्पाच्या जागी चालतं. विभागप्रमुखांशी जूनमध्येच बोलून ठेवा, जानेवारीत उशीर होतो.

यातलं सगळं एका वर्षात करू नका. एक निवडा. नदी जवळ असेल तर बाटली निवडा. त्या काचेच्या बुचाच्या बाटल्या, बीओडीच्या म्हणतात त्या, तुमच्या विभागात नसतील तर आमच्याकडच्या सहा घेऊन जा, पावसाळ्यात आम्हाला लागत नाहीत. फक्त एक बघा. प्रत्येक बाटलीचं काचेचं बूच तिचं तिलाच बसतं, म्हणून आम्ही दोन्हींवर आकडे घातलेत. धुताना अदलाबदल झाली की बूच सैल बसतं, हवा आत शिरते आणि पांढरी राहायची ती बाटली फिकी तपकिरी दिसते.