फार्मासिस्टचा पगार आणि सर्टिफिकेट लावण्याचा धंदा

मेडिकलमध्ये उभ्या असलेल्या फार्मासिस्टला पगार कमी का, याचं उत्तर दुकानाच्या हिशेबात आहे. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर 2013 च्या आदेशाने किरकोळ विक्रेत्याला खरेदी किमतीवर 16 टक्के मार्जिन धरलंय. बाकीच्या औषधांवर साधारण छापील किमतीच्या 20 टक्के सुटतात. रोजचा गल्ला 10,000 असेल तर महिन्याचे 3 लाख, आणि जीएसटी बाजूला ठेवला तरी त्यातून सुटतात 40 ते 60 हजार. यातूनच भाडं, वीज, मुदत संपलेला माल आणि शेजारचा देतो म्हणून द्यावी लागणारी 10 टक्के सूट. जेनेरिकवर जास्त सुटतं हे खरं, पण असा मालक फार्मासिस्टला 30 हजार देणार कुठून?

म्हणून बरेच मालक फार्मासिस्ट ठेवत नाहीत, नुसतं सर्टिफिकेट 'लावतात', म्हणजे परवान्यासाठी त्याचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्र वापरतात, तो दुकानात नसतो. घरबसल्या महिन्याला काही हजार मिळतात, नव्या मुलांना ते बरं वाटतं. पण परवान्यावर नाव तुमचं असतं. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कोणी प्रिस्क्रिप्शनवर औषध देणं हा गुन्हा आहे. शेड्यूल एच1 चं, म्हणजे वेगळी नोंद ठेवून प्रिस्क्रिप्शनवरच द्यायच्या ठरावीक औषधांचं, रजिस्टर 3 वर्षं जपावं लागतं. त्यातल्या नोंदींचा जाब तपासणीत तुम्हालाच विचारणार, तुम्ही त्या काउंटरवर कधी उभे राहिला नसलात तरी. शिवाय नोंदणीवरून नाव निघालं की शिक्षणाचा उपयोग संपला.

पगाराचा भक्कम आकडा हवा असेल तर सरकारी जागा बघा. जिल्हा परिषदेतल्या औषध निर्माण अधिकाऱ्याची वेतनश्रेणी एस-10, म्हणजे मूळ वेतन 29,200 ते 92,300. महागाई आणि घरभाडे भत्ता वेगळा. याला डी. फार्म. (फार्मसीची पदविका) आणि वैध नोंदणी पुरते. अर्थात जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. औषध निरीक्षक व्हायचं असेल तर मात्र पदविका चालत नाही, पदवीच लागते.

बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो किंवा मॅथ्स असलं की दोन्ही रस्ते खुले. डी. फार्म. दोन वर्षांचं, प्रवेश बारावीच्या गुणांवर, बी. फार्म. (पदवी) चार वर्षांचं, त्यासाठी सीईटी. डी. फार्म. करून बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. कंपनीत उत्पादन किंवा क्वालिटीमध्ये जायचं ठरलेलं असेल तर पदविकेत वेळ घालवू नका, असं माझं मत.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला तुमच्या वर्षासाठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्याच यादीत बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकात नव्हे. मान्यता नसेल तर पास होऊनही राज्य कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही.

डी. फार्म.ला दोन वर्षांनंतर 500 तासांचं प्रशिक्षण असतं, किमान तीन महिन्यांत पसरलेलं. दुकान किंवा रुग्णालय नियमात बसतं का, हे कॉलेजकडून आधी पक्कं करून मगच सुरू करा. तास कागदावर भरून घेणारे पुष्कळ आहेत. अशा मुलांना पहिल्या नोकरीत डॉक्टरचं अक्षर लागत नाही, आणि पगार तिथेच पडतो. पुढे नोंदणीआधी 2022 च्या नियमांनी आणलेली एक्झिट परीक्षा: तीन पेपर, प्रत्येकात वेगवेगळे किमान 50 टक्के. बी. फार्म.वाल्यांना ती नाही.

नोंदणी राज्यापुरती असते. सावंतवाडीहून रोज पणजीला नोकरीला जाणाऱ्याने गोवा कौन्सिलकडे चौकशी करावी. नूतनीकरणाची तारीखही चुकवू नका, फी थकली तर नाव कमी होऊ शकतं.

नोकरी सोडताना राजीनाम्याची पोच घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाला लगेच लेखी कळवा. जुन्या परवान्यावरून नाव निघेपर्यंत नव्या दुकानाच्या परवान्यावर ते चढत नाही, आणि तोवर नवा मालक पगार सुरू करत नाही.