सातव्या प्रकरणापुढचा ‘अपूर्ण’ शेरा

हायड्रॉलिक यंत्रणेच्या दुरुस्तीचे संगणकावरील प्रशिक्षण मी पूर्ण केले, त्याला आता वर्ष होईल. तरीही सातव्या प्रकरणाची आठवण झाली की चीड येते. पहिली सहा प्रकरणे सुरळीत पार पडली. दिशानियंत्रक व्हॉल्व्हमधील स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, सरकल्यावर तेलाची वाट कशी बदलते, हे छापील आकृतीवरून मला कधीच उमगले नव्हते. ॲनिमेशन थांबवून, मागेपुढे करून पाहिल्यावर ते एका बैठकीत समजले.

सातवे प्रकरण दोष शोधण्याचे होते. मी ते संपवले, चाचणी उत्तीर्ण झालो, पण नोंदीत शेरा मात्र ‘अपूर्ण’ असाच राहिला, आणि तो हटल्याशिवाय प्रत्यक्ष यंत्रावरील परीक्षेला बसता येत नव्हते. मदत कक्षाकडून तीनदा एकच उत्तर आले: कॅशे साफ करा, ब्राउझर बदला, प्रकरण पुन्हा करा. मी ते आणखी दोनदा केले. अखेर निकालाच्या पडद्याचे तारखेसह स्क्रीनशॉट पाठवले, तेव्हा कोणीतरी मुळाशी गेले. (असे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवसापासून घेत जावेत.) अभ्यासक्रम स्कॉर्म १.२ या संगणकावरील अभ्यासक्रमांसाठीच्या २००१ सालच्या मानकानुसार बांधलेला होता आणि त्यात शिकणाऱ्याची प्रगती साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. या प्रकरणात प्रत्येक क्लिकची नोंद होत असे. त्यामुळे घाईने नेमके उत्तर निवडणाऱ्याचे प्रकरण पूर्ण ठरे आणि प्रत्येक शक्यता तपासणाऱ्याची नोंद मर्यादेबाहेर जाऊन नाकारली जाई. दोष शोधायला शिकवणाऱ्या प्रकरणानेच कसून शोधणाऱ्याला अडवावे, हे मला आजही अक्षम्य वाटते. पुढे ते प्रकरण स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत आणले गेले, जिथे ही मर्यादा ६४,००० अक्षरांची आहे, आणि शेरा त्याच दिवशी बदलला.

प्रकरणातून बाहेर पडताना खिडकी थेट बंद करू नये, आतील ‘बाहेर पडा’ हेच बटण वापरावे, कारण बऱ्याच अभ्यासक्रमांत शेवटची नोंद तेव्हाच जाते. आणखी एक: पडद्यावरील मजकूरच निवेदक वाचून दाखवत असेल, तर मजकूर झाकून चित्राकडे पाहावे, चित्रासोबत नुसता आवाज असताना अधिक समजते, असे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतही दिसले आहे.

प्रत्यक्ष यंत्रावरील परीक्षेत पंप चालू असूनही दाब चढत नव्हता. मी आधी रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाबाचे तेल टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह, उघडून पाहिला. तो बंद होताना जिथे टेकतो, त्या बैठकीत कचरा अडकलेला होता, म्हणून तो पूर्ण मिटत नव्हता.