पाळी गेल्यावर हॉर्मोन्स घ्यायचे ठरवताना

पाळी गेल्यानंतर रात्री-अपरात्री अंगातून वाफा निघायच्या, उशी घामाने भिजायची आणि छातीत धडधडायचं. मला धडधडीची भीती जास्त, कारण आईला साठीच्या आतच हार्ट अटॅक आलेला. त्यात जी ती सांगायची, हॉर्मोन्सच्या वाटेला जाऊ नकोस, हृदयाला धोका असतो.

माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ही भीती आली कुठून ते आधी सांगितलं. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हॉर्मोन्सच्या गोळ्यांचा भाग 2002 मध्ये मध्येच थांबवला गेला. दहा हजार बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या साधारण 7 घटना जास्त दिसल्या होत्या. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं 63. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत उपचार सुरू केले, तर धोक्याचं गणित बरंच बदलतं. मी 51 वर्षांची. तरीही त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली नाही, हे मला फार पटलं.

बीपी, साखर, लिपिड प्रोफाइल, ईसीजी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सगळं झालं. मग हृदयरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी विचारलं, "गरोदरपणात बीपी वाढलं होतं का?" वाढलं होतं! पण इतक्या वर्षांनी त्याचा हृदयाशी संबंध असेल हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. अशा बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो म्हणे. प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांना हे आपणहून सांगायला हवं.

ईसीजी चांगला आला, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र वाढलेलं. पाळी गेल्यावर ते वाढतंच, पण त्यासाठी हॉर्मोन्स द्यायचे नसतात, असं दोघांनीही बजावलं. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी सुरू झाली. वाफांसाठी इस्ट्रोजेनचा पॅच मिळाला. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं; त्वचेतून घेतलं की ते बरंचसं टळतं. गर्भाशय असल्यामुळे रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूलही घ्यावी लागते, नाहीतर आतलं अस्तर जाड होऊन कर्करोगाची भीती.

आता झोप लागते. पॅच पोटाच्या खालच्या बाजूला, दर वेळी जागा बदलून लावते. बीपी घरीच मोजून वहीत लिहिते आणि तपासणीला जाताना ती वही बरोबर नेते. पॅच पुढे चालू ठेवायचा की नाही, हे बाई दर वेळी नव्याने ठरवतात.